ओरिजिनल कागद आणि एक पासवर्ड

जून २०२४ मध्ये लेकीनं इंजिनीअरिंगसाठी दिलेल्या एमएचटी-सीईटी परीक्षेचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिला फोन आला. मी मशीनवर बसले होते. एका ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावायचं काम चाललं होतं. पलीकडची मुलगी इतकं आपुलकीनं बोलली की मला वाटलं, हा कॉलेजातूनच आलेला फोन आहे. ‘काकू, अभिनंदन! तुमच्या मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळू शकतं, पण लवकर हालचाल करायला हवी.’ त्या आठवड्यात असे पंचवीस-तीस फोन आले. कुणी ‘ॲडमिशन काउन्सेलर’, कुणी ‘करिअर गाइड’, कुणी थेट कॉलेजचं नाव घेऊन बोलायचं.

आम्ही बार्शीचे. हे कापडाच्या दुकानात कामाला आहेत, मी घरी शिवणकाम करते. आमच्या दोन्हीकडच्या घरांत इंजिनीअरिंगला गेलेलं कुणीच नाही. लेकीला ८८ पर्सेंटाइल होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, परीक्षेला बसलेल्या शंभरांतल्या अठ्ठ्याऐंशी जणांच्या ती पुढे आहे एवढाच त्याचा अर्थ, हेसुद्धा मला तिनंच समजावलं. त्याच्यापुढचं सगळं आम्हाला अंधारात होतं. कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, फ्रीझ, बेटरमेंट असले शब्द रोज कानावर पडायचे आणि रोज रात्री पोटात गोळा यायचा. एक चूक झाली तर पोरीचं वर्ष वाया जाईल, ही एकच भीती. पुढे जे झालं ते त्या भीतीतूनच झालं.

जूनच्या शेवटी गावातल्या एका मंगल कार्यालयात ‘मोफत प्रवेश मार्गदर्शन शिबिर’ होतं. आम्ही दोघी गेलो. दोन-अडीचशे पालक होते. पडद्यावर मागच्या वर्षीच्या मुलांचे फोटो, त्यांच्या खाली कॉलेजांची नावं. पुण्याहून आलेले सर दीड तास बोलले आणि चांगलं बोलले, ते नाकारत नाही. पण त्या दीड तासात माहिती थोडी आणि धाक जास्त होता. ऑप्शन फॉर्मचा एक नंबर चुकला म्हणून कुणाची चार वर्षं कशी फुकट गेली, असे किस्से एकामागून एक. शेवटी तीन पॅकेज सांगितली: ८,०००, १५,००० आणि २५,००० रुपयांचं. २५ हजारांच्या पॅकेजला ‘सीटची हमी’. त्या दिवशी नोंदणी केली तर ५,००० भरायचे आणि बाकीचे प्रवेश झाल्यावर.

हमी हा शब्द ऐकला तेव्हाच उठायला हवं होतं, हे मला आता कळतं. इंजिनीअरिंगच्या सरकारी प्रक्रियेत सीईटी सेल, म्हणजे सरकारचा प्रवेश परीक्षांचा कक्ष, मेरिट यादी लावतो आणि जागावाटप संगणक करतो. त्यात बाहेरच्या माणसानं हमी द्यायची ती कशाच्या जोरावर? पण त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी पैसे काढले, त्यांच्या पुढच्यांनी काढले, आणि मीही पर्स उघडली. ५,००० रुपये फोनवरून पाठवले. पावती मागितली तर ‘व्हॉट्सॲपवर येईल’ म्हणाले. आला तो नुसता ‘थँक यू’चा मेसेज.

जुलैमध्ये एसटीनं पुण्याला त्यांच्या ऑफिसात गेलो. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून आम्ही दोघीच गेलो, ह्यांची रजाही वाचली. ऑफिस चकचकीत होतं. सरांनी लेकीला पाच मिनिटं प्रश्न विचारले आणि मग एका मुलाकडे पाठवलं. त्यानं कागद मागितले. दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला असं सगळं मी एका प्लॅस्टिकच्या फाइलीत घेऊन गेले होते. जात वैधतेसाठी ह्यांनी सोलापूरला किती हेलपाटे घातले होते ते आम्हालाच माहीत. त्या मुलानं झेरॉक्स बाजूला सारल्या आणि ओरिजिनल ठेवून घेतले. ‘फाइल आमच्याकडेच राहू दे काकू, प्रोसिजर असते.’ मग लेकीचा कॅपचा, म्हणजे सरकारी ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेचा, लॉगिन आयडी आणि पासवर्ड मागितला. लेक माझ्याकडे पाहत राहिली. मी मान हलवली. तिनं लिहून दिला.

परतीच्या गाडीत ती टेंभुर्णीपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, ‘आई, माझा फॉर्म आता तो मुलगा भरणार. मग मी काय करायचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच दिवसांत सरकारचा निर्णय आला. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गातल्या, आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. आधी पन्नास टक्के होती, ती २०२४-२५ पासून शंभर टक्के झाली. आमच्या घरात त्या रात्री शिरा केला होता. खासगी कॉलेजची वर्षाची फी लाखाच्या वर, चार वर्षांचे किती होतात ते हे कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं मांडत बसायचे. ते कॅलेंडर त्यांनी पुन्हा खिळ्याला लावलं.

दोन-तीन दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज एकदम घाईचा. ‘मॅडम, तुमचं नशीब. पुण्यातल्या एका चांगल्या कॉलेजात इन्स्टिट्यूट लेव्हलची कॉम्प्युटरची एक सीट आहे. दीड लाख रोख, रविवारपर्यंत. मुलींची फी तर सरकारनं माफच केलीय, म्हणजे चार वर्षं फुकट. हे दीड लाख फक्त एकदाच.’ ऐकायला इतकं सरळ वाटलं की आम्ही दोघं नवरा-बायको त्या रात्री पैशांचीच जुळवाजुळव करत बसलो. माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या होत्या. त्यांचं वजन करून घ्यायला मी दुसऱ्या दिवशी सराफाकडे जाणार होते.

पण त्याआधी सकाळी स्क्रुटिनी सेंटरला जायचं होतं. कागदपत्रांची तपासणी ऑनलाइन करता येते किंवा प्रत्यक्ष सेंटरवर जाऊन. लेकीनं प्रत्यक्ष जायचं निवडलं होतं, कारण तिला कुणाशी तरी समोरासमोर बोलायचं होतं. आमच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा. खिडकीतल्या क्लार्कनं ओरिजिनल मागितले. मी म्हणाले, पुण्याला सरांकडे आहेत. त्यांनी चष्मा काढला. पन्नाशीचा माणूस, दिवसभर त्याच त्याच प्रश्नांनी दमलेला, तरी त्यांनी आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलं. ‘ताई, मुलीचे ओरिजिनल कागद तुम्ही परक्या माणसाकडे ठेवून आलात? उद्या तो म्हणाला, पैसे भरा मग देतो, तर?’ मग मी दीड लाखाचंही बोलून गेले. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नंतर लेकीकडे वळून म्हणाले, ‘बाळ, फी माफीचा जीआर काढ मोबाइलवर. आणि प्रवेश कुठल्या मार्गानं झालेला पाहिजे ते वाच.’

एसटी स्टँडच्या बाकावर बसून आम्ही तो जीआर वाचला. सरकारी मराठी, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. लेक मोठ्यानं वाचत होती आणि मी बोटानं ओळ धरून ठेवली होती. ही सवलत सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतलेल्या मुलींना आहे. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्थास्तरावरचे, म्हणजे सर सांगत होते ते ‘इन्स्टिट्यूट लेव्हल’चे, प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. लेकीनं ते वाक्य दोनदा वाचलं. सरांचं ऐकून आम्ही दीड लाख रोख दिले असते, पाटल्या गेल्या असत्या, आणि वर चार वर्षांची फी आमच्याच डोक्यावर बसली असती. जी माफी हातात पडली होती ती घालवण्यासाठी आम्ही पैसे मोजायला निघालो होतो.

ते दीड लाखसुद्धा कसले, हे नंतर कळलं. ठरलेल्या फीच्या वर प्रवेशासाठी पैसे घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. कॅपिटेशन फी म्हणतात ती हीच. खासगी कॉलेजांत संस्थास्तरावरच्या जागा असतात, त्या बेकायदा नाहीत. पण त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, मेरिटनं भरायच्या असतात. कुणाच्या ऑफिसात ‘एक सीट आहे, रविवारपर्यंत’ असं म्हणून नव्हे. आणि कुठल्या कॉलेजची फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं.

सराफाकडे गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं पुन्हा पुणे. या वेळी हेही बरोबर होते.

निघण्याआधी लेकीनं रात्रीच लॉगिन उघडून पासवर्ड बदलला. नोंदणी तिनं स्वतः केली होती, मोबाइल नंबर तिचाच होता, म्हणून ओटीपी तिच्याच फोनवर आला. हे आमचं केवढं नशीब ते ऑफिसात गेल्यावर समजलं. तिथं लातूरकडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मुलाची नोंदणीच ऑफिसातल्या मुलांनी केलेली, मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही ऑफिसचं. मुलाच्या फॉर्ममध्ये काय भरलंय ते बापाला दिसत नव्हतं आणि मुलालाही नाही. ते चौथ्यांदा आले होते. पिशवीत भाकरी बांधून आणली होती. ती त्यांनी आम्हालाही देऊ केली.

आम्हाला तीन तास बसवून ठेवलं. आधी ‘सर मीटिंगमध्ये आहेत’, मग ‘फाइल दुसऱ्या ब्रँचला आहे’, मग ‘उरलेले वीस हजार भरले की लगेच देतो’. हे तसे शांत माणूस, दुकानात गिऱ्हाइकाला कधी वरच्या आवाजात बोललेले नाहीत. त्या दिवशी ते काउंटरपाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘आम्ही इथून चौकीत चाललो. मुलीचे दाखले तुमच्याकडे आहेत, एवढंच सांगणार.’ दहा मिनिटांत फाइल आली. लेकीनं तिथंच खाली बसून एकेक कागद मोजला. सगळे होते. ५,००० रुपये मात्र परत मिळाले नाहीत. हातात पावती असती तर ग्राहक आयोगाकडे जाणं सोपं झालं असतं. आमच्याकडे होता फक्त तो ‘थँक यू’.

बाहेर आल्यावर ह्यांनी रसवंतीत तीन ग्लास रस सांगितला. कुणी काही बोललं नाही. लेकीनं फाइल मांडीवर घट्ट धरलेली होती.

यावर कुणी म्हणेल की मार्गदर्शक नकोच, सगळं आपलं आपण करावं. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं आहे त्यांना घरात विचारायला माणूस असतो. आमच्यासारख्यांनी कुणाला विचारायचं? मदत हवीच होती, फक्त ती कशी ओळखायची ते शिकायला हवं होतं. मी लेकीच्या ज्युनियर कॉलेजच्या गणिताच्या सरांना विचारलं. त्यांनी सोलापूरच्या एका बाईंचं नाव सुचवलं, पॉलिटेक्निकला शिकवून निवृत्त झालेल्या. पण या वेळी मी नाव मिळालं म्हणून लगेच गेले नाही. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायकांमध्ये विचारत सुटले की कुणाच्या नात्यातलं पोर त्यांच्याकडे गेलं होतं का. भिंतीवरचे फोटो ते लोक स्वतः निवडून लावतात, मला माझी मी शोधलेली माणसं हवी होती. तीन घरं सापडली. त्यातल्या एका मुलाला मनासारखं कॉलेज मिळालं नव्हतं, मुद्दाम त्याच्या आईशी जास्त वेळ बोलले. ती म्हणाली, ‘बाईंनी आधीच सांगितलं होतं की एवढ्या मार्कांवर ते कठीण आहे.’ हे ऐकून माझं मन बसलं.

फोनवर मी बाईंना थेट विचारलं. तुम्ही कॉलेजकडून काही घेता का? त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, ‘बरं झालं विचारलंत. काही लोकांना एका प्रवेशामागे कॉलेज पैसे देतं. मग ते पोराला तिकडेच ढकलतात. मी फक्त तुमच्याकडून २,५०० घेते, पावती देते.’ हमी देता का? ‘सीट मेरिट देतं, मी नाही.’ पासवर्ड लागेल का? ‘मला नको. फॉर्म तुमच्या मुलीनं भरायचा, मी शेजारी बसेन.’

त्या शेजारी बसल्या, दोन वेळा, प्रत्येकी तीन-साडेतीन तास. पहिल्या दिवशी त्यांनी लेकीला मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या वाचायला शिकवल्या. त्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट असतात. आधीच्या ऑफिसात याच याद्या ‘आमचा खास डेटा’ म्हणून दाखवल्या होत्या. एकेका कॉलेजखाली बारीक अक्षरांत कोड असतात. पहिलं अक्षर ‘जी’ असेल तर ती जागा सर्वांसाठी, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटी ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यभरासाठी. लेकीची बारावी बार्शीची, म्हणजे तिचं होम युनिव्हर्सिटी सोलापूर. तर सोलापूर विद्यापीठातल्या कॉलेजात तिनं ‘एलओबीसीएच’चा रकाना बघायचा आणि पुण्यातल्या कॉलेजात ‘एच’चा नव्हे तर ‘ओ’चा. त्या एका अक्षरानं आकडे किती बदलतात ते बघून मी चाट पडले. मंगल कार्यालयातल्या त्या दीड तासात यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं.

याद्यांत काही ठिकाणी ‘टीएफडब्ल्यूएस’ लिहिलेलं होतं, त्याचा कोड वेगळा. कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी ट्यूशन फी माफ असलेल्या या जागा मेरिटनं भरतात आणि त्यांचा कटऑफ सहसा चढा असतो. बाईंनी त्याचाही विचार करायला लावला. मुलीला आता तशीही फी माफी आहे, मग या चढ्या जागांवर किती अवलंबून राहायचं ते तिनं ठरवावं. ‘ठरवावं’ हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा यायचा. सुरुवातीला मला वैताग यायचा, वाटायचं की पैसे घेतलेत तर सांगून टाका ना. पण त्या सांगायच्या नाहीत. लेकीला विचारायच्या, ‘तुला कॉम्प्युटर का हवंय?’ तिला पहिल्यांदा उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या वेळी आली तेव्हा ती लिहून घेऊन आली होती.

ऑप्शन फॉर्मचा नियम त्यांनी भांडं उपडं करून दाखवावं तसा समजावला. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. संगणक वरून खाली बघत येतो आणि ज्या पहिल्या पर्यायाला मार्क पुरतात तो देतो. म्हणून क्रम मिळण्याच्या शक्यतेनं लावायचा नसतो, मनाच्या आवडीनं लावायचा असतो. वर अवघड पर्याय टाकले म्हणून खालचे जात नाहीत. मात्र पहिल्याच पर्यायाची जागा मिळाली तर ती आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडला जाता येत नाही. तेव्हा पहिल्या नंबरला असंच कॉलेज टाकायचं की ते मिळालं तर मागे वळून बघायचं नाही.

लेकीनं ४१ पर्याय भरले. पहिल्या राउंडला सोलापुरात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्सची शाखा) मिळालं. सीट ॲक्सेप्टन्सचे १,००० रुपये भरून तिनं बेटरमेंट निवडलं. त्या रात्री मी झोपले नाही, आहे तेही जाईल असं वाटत होतं. तसं नसतं. वरचं काही मिळालं तरच आधीचं सुटतं, नाहीतर आधीचं राहतं. दुसऱ्या राउंडला सोलापुरातच कॉम्प्युटर मिळालं. पुणे नाही. पण घरापासून दीड-दोन तासांवर, आणि कॅपमधून.

प्रवेशाच्या दिवशी फी माफीचंही एक खरं रूप कळलं. माफ होते ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे आपलं आपण भरायचं. ‘मुलींचं शिक्षण मोफत’ असं ऐकून रिकाम्या हातानं आलेले दोन पालक तिथं रांगेत होते. आम्ही थोडी तयारी करून गेलो होतो, कारण बाईंनी आधीच कागदावर मांडून दिलं होतं. आणि ही माफीही आपोआप होत नाही. महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर दरवर्षी अर्ज करावा लागतो. अर्जाला एक रुपया लागत नाही. उत्पन्नाचा दाखला लागतो, बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, आणि अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे तपासायला जातो, मग खात्याकडे. सायबर कॅफेवाला तीनशे रुपये मागत होता. लेकीनं होस्टेलच्या खोलीत बसून स्वतः भरला आणि मग तिच्या खोलीतल्या दोघींचे भरले.

इथं सगळं संपलं असं मला वाटलं होतं.

संक्रांतीचा आदला दिवस, जानेवारी २०२५. घरात तीळ भाजण्याचा वास, मी एका हातानं गूळ चिरतेय, आणि फोन. ‘महाडीबीटी पुणे कार्यालयातून बोलतोय.’ लेकीचं पूर्ण नाव, कॉलेज, शाखा, सगळं बरोबर. ‘शिष्यवृत्ती मंजूर झालीय, पण मुलीचं खातं आधारला लिंक दिसत नाही. आज पाच वाजेपर्यंत पैसे घेतले नाहीत तर रक्कम शासनजमा होईल. पालकांच्या खात्यात टाकतो. क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करा.’ एवढे दिवस ठोकर खाऊन शहाणी झालेली मी. पण ‘शासनजमा’ हा शब्द ऐकला आणि पुन्हा तीच भीती, तोच पोटातला गोळा. कोड स्कॅन केला. पिन विचारला, टाकला. खात्यातून ४,८०० रुपये गेले. तो म्हणाला, ‘चुकून उलटं झालं, परत स्कॅन करा, दोन्ही एकदम येतील.’

पुन्हा स्कॅन करायला बोट उचललं आणि तेव्हा स्क्रीनवरचं वाचलं. रक्कम ९,६००, आणि खाली ‘पे’. पैसे यायचे असतील तर मी ‘पे’ का करतेय? पिन तर आपण दुकानात पैसे देताना टाकतो, ह्यांनी पगार घेताना कधी टाकलाय? फोन कापला. हात थरथरत होते. लेकीला लावला. ती वर्गातून बाहेर आली, ऐकलं, आणि रागावली नाही. म्हणाली, ‘आई, आधी १९३० लाव. आत्ता. बाकीचं मी येऊन बघते.’

१९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. लागायला थोडा वेळ गेला. पलीकडच्या बाईंनी बँकेचं नाव, वेळ, व्यवहाराचा क्रमांक विचारला. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला. मग मी तसाच पदर खोचून बँकेत गेले. घटना घडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हे सगळं झालं, त्यामुळे पुढच्या खात्यात ३,००० रुपये अडवता आले. ते मे महिन्यात परत मिळाले. बाकीचे गेले. रात्री लेकीनं तिचं लॉगिन उघडून मला दाखवलं. तिचा अर्ज तोवर कॉलेजच्याच पातळीवर तपासणीत होता. खात्यापर्यंत पोचलाच नव्हता. मंजूर व्हायचा प्रश्नच नव्हता. फोन आला तेव्हा मी तिला एवढं एक बघायला सांगितलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तेव्हापासून आमच्या बायकांच्या ग्रुपवर ‘मोफत लॅपटॉप योजना, लिंक भरा’ असा मेसेज आला की मी लिंकचा शेवट बघते. बहुतेक सरकारी संकेतस्थळांचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’नं संपतो. तसल्या लॅपटॉपच्या मेसेजना सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं कितीदा खोटं ठरवलंय. तरी ते दर जूनमध्ये फिरतातच. मी खाली लिहिते, ‘हे खोटं आहे, मी फसले आहे.’ लिहायला सुरुवातीला लाज वाटायची. मग एकेक करून चार जणींनी मला वेगळा फोन करून सांगितलं की त्यांच्याही घरात असं झालंय, पण बोलल्या नव्हत्या.

जून २०२५ मध्ये आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची मुलगी सीईटी देऊन बसली होती. वहिनी मंगल कार्यालयातल्या शिबिराचं पत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. मी माझी वही काढली. पहिला पर्याय मिळाला की फ्रीझ, तीन राउंड, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. मी सांगायला लागले तेवढ्यात सुट्टीला आलेली लेक आतून म्हणाली, ‘आई थांब, या वर्षी नियम बदललेत. राउंड चार झालेत, आणि दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनमधलं काहीही मिळालं तरी फ्रीझ होतं.’ मी वही मिटली. लेकीनं सीईटी सेलचं त्या वर्षीचं माहितीपत्रक मोबाइलवर उघडलं, वहिनींच्या मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘मोठ्यानं वाच.’ ती वाचायला लागली. वहिनींनी आपली फाइल मांडीवर घेतली, आणि मी चहा टाकायला उठले.